हिरवी खूण दिसली म्हणजे नाव आपलं झालं का?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका नोकरी सांभाळून हाताने वह्या बांधतात. पानं दुमडणं, शिवण, कव्हर, कडा कापणं, सगळं स्वतः. ओळखीतून मागणी येऊ लागली आहे आणि आता स्वतःचं नाव घेऊन काम सुरू करायचं आहे. नावाच्या शोधाला आठ महिने झाले. रोज रात्री त्या नावं तपासणाऱ्या साइटवर एकेक नाव टाकून बघतात. अशी १४० नावं त्यांच्या तक्त्यात जमली आहेत. डॉट कॉम (वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन), इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स, सगळीकडे जे एकच नाव मोकळं मिळेल तेच घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. एक नाव तसं मिळालंही. साइटने सगळीकडे हिरवी खूण दाखवली. दोन दिवसांनी घ्यायला गेल्या तर डॉट कॉम दुसऱ्याच्या नावावर निघालं. इन्स्टाग्राम म्हणतं हे नाव घेता येणार नाही, पण त्या नावाचं खातं तर कुठे दिसत नाही. किंचित वेगळ्या स्पेलिंगचं एक बंद पडलेलं खातं आहे, त्याचा मालक पैसे मागतो. ‘मी शोधलं म्हणूनच कुणीतरी डोमेन पळवलं असणार,’ असं त्या लिहितात. पैसे देऊन नाव मागावं, मुदत संपायची वाट पाहावी की हे नाव सोडून पहिल्यापासून शोधावं? दोन गिऱ्हाइकांनी ‘तुमचं पेज कुठे आहे’ असं विचारलं आहे. त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.

नमस्कार,

तुम्ही विश्वासाने कळवलेलं नाव इथे छापत नाही. त्याच्या जागी ‘वहीपान’ असं एक नाव धरून चालू या.

आधी तुमच्या मनातला सल काढते. तुमचं पत्र वाचून मी त्या डॉट कॉमची नोंद उघडून पाहिली. अशी नोंद कुणालाही पाहता येते. नोंदणीची तारीख सहा वर्षांपूर्वीची आहे. तुम्ही शोधलंत त्या रात्री ते नाव मोकळं नव्हतंच, आणि तुमच्यामुळे कुणी ते पळवलेलंही नाही. नोंदीत नेमसर्व्हरची, म्हणजे हे नाव कुठे न्यायचं ते सांगणाऱ्या सर्व्हरची, जागा रिकामी आहे. म्हणजे नाव कुणीतरी घेऊन ठेवलं आहे, पण ते कशालाच जोडलेलं नाही. तुमची साइट इथेच फसली.

ही साधनं कशी चालतात ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढची चिडचिड वाचेल. डोमेन तपासायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या यंत्रणेला, डीएनएसला, ‘या नावाचा पत्ता आहे का’ असं विचारायचं. हे झटपट होतं, म्हणून पुष्कळ फुकट साधनं एवढंच करतात. पण नाव घेऊन कशालाही न जोडता नुसतं ठेवलेलं असेल, तर डीएनएस ‘असं काही नाही’ म्हणतं आणि साधन हिरवी खूण लावून मोकळं होतं. बंद दाराला कडी वाजवली, आतून ओ आली नाही, म्हणून घर बेवारस ठरवण्यासारखं आहे हे. दुसरा रस्ता थेट नोंदवहीत बघण्याचा. डॉट कॉमची नोंदवही व्हेरिसाइन नावाची कंपनी सांभाळते आणि तिथे जे लिहिलं असेल तेच खरं. दोन दिवसांनी तुम्ही नाव विकत घ्यायला गेलात तेव्हा रजिस्ट्रारने, म्हणजे नावं विकणाऱ्या कंपनीने, या नोंदवहीला विचारलं, म्हणून उत्तर बदललं. नाव होतं तिथेच होतं.

युजरनेमचं तर याहून नाजूक आहे. एका वेळी पन्नास-शंभर ठिकाणी हँडल, म्हणजे हीच युजरनेमं, तपासणारी साधनं बहुतेक वेळा एवढंच करतात: त्या नावाच्या प्रोफाइलचा पत्ता उघडून पाहतात. ‘४०४’, म्हणजे पान सापडलं नाही, असं उत्तर आलं की मोकळं, पान आलं की घेतलेलं. पण पान न दिसण्याला कितीतरी कारणं असतात. मालकाने खातं तात्पुरतं बंद केलेलं असेल, मंचाने, म्हणजे इन्स्टाग्रामसारख्या साइटने, ते निलंबित केलेलं असेल, किंवा तो शब्दच मंचाने राखून ठेवला असेल. तिन्ही वेळा पान दिसत नाही आणि नाव मिळतही नाही. तुमचं इन्स्टाग्रामचं कोडं यातलंच एखादं आहे. नेमकं कुठलं ते बाहेरून कळायला मार्ग नाही. उलटही होतं. काही मंच पाहुण्याला आधी लॉगिनचं पान दाखवतात, काही फार वेळा विचारणाऱ्याला तात्पुरतं अडवतात. मग साधन गोंधळतं आणि मोकळ्या नावावर लाल फुली मारतं. तुमच्या तक्त्यातल्या १४० पैकी काही नावांवर अशी उगाच फुली बसलेली असणार, याची मला खात्री वाटते.

म्हणून ही साधनं पहिल्या चाळणीपुरतीच वापरा. वीस नावांची पाच करायला ती उत्तम आहेत. पाचाचं एक करताना मात्र दारात जाऊन विचारायचं. डोमेनसाठी आयकॅन या डोमेनांचा कारभार पाहणाऱ्या जागतिक संस्थेचं नोंद पाहायचं पान आहे, लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग. पूर्वी यासाठी १९८२ पासूनची ‘हू-इज’ ही पद्धत होती. डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण डोमेनांसाठी जानेवारी २०२५ पासून तिची जागा ‘आरडॅप’ने घेतली आहे. तुम्हाला त्या पानावर नाव टाकायचं आणि तीन गोष्टी वाचायच्या: नोंदणी कधीची, मुदत कधीपर्यंत आणि नेमसर्व्हर आहेत की नाहीत. हँडलसाठी त्या-त्या ॲपमध्ये खातं उघडताना किंवा नाव बदलताना जी चौकट येते, तिथे नाव लिहून पाहायचं. ती चौकट सांगेल तेच अखेरचं उत्तर. आणि नाव तपासायला कुठलंही साधन पासवर्ड मागत असेल, तर तिथून लगेच बाहेर पडा. या कामाला पासवर्ड लागतच नाही.

‘शोधलं की पळवतात’ ही भीती मात्र हवेतून आलेली नाही. २००८ च्या सुरुवातीला एका मोठ्या रजिस्ट्रारने खरोखरच असं केलं होतं: गिऱ्हाईक जे नाव शोधेल ते चार दिवस स्वतःकडे अडकवून ठेवायचं, म्हणजे त्याला ते दुसरीकडे घेता येऊ नये. नवीन नाव पाच दिवसांत परत केलं तर पैसे परत मिळत, त्या सवलतीचा हा वापर होता. बरीच ओरड झाली. पुढे आयकॅनने मर्यादेबाहेर परत केलेल्या नावांवर शुल्क लावलं आणि फुकटात नावं चाखून बघायचा तो धंदा जवळजवळ बंद पडला. आज कुणी प्रत्येक शोधलेलं नाव घ्यायचं म्हटलं तर त्याला पदरचे पैसे घालावे लागतील. तरी माझा नियम आहे, तुम्हीही पाळा: ज्या दिवशी घ्यायची तयारी असेल, त्याच दिवशी शेवटची तपासणी करायची. आवडलेलं नाव आठवडाभर दहा अनोळखी साइटवर टाकत बसायचं नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे: सगळीकडे हुबेहूब एकच नाव मिळालं तरच काम सुरू करता येतं. असं कुणी सांगितलं तुम्हाला?

डोमेन आणि हँडल दोन्ही तुम्ही एकाच तक्त्यात, एकाच रंगाच्या खुणांनी मांडली आहेत, पण दोन्हींची किंमत सारखी नाही. डोमेन तुम्ही नियमांनुसार, करारावर, मुदतीसाठी घेता. एका वेळी दहा वर्षांपर्यंत घेता येतं, नूतनीकरण करत राहाल तोवर ते तुमच्याकडे असतं, आणि वाद झाला तर त्याला लेखी पद्धत आहे. हँडल मंचाच्या मर्जीवर असतं. जुलै २०२३ मध्ये ट्विटरचं नाव ‘एक्स’ झालं, तेव्हा ‘एक्स’ हे एका अक्षराचं हँडल एका छायाचित्रकाराकडे होतं, २००७ पासून. कंपनीने ते काढून घेतलं आणि त्याला कळवलं. पैशांचा मोबदला नाही. सोळा वर्षं वापरलेलं नाव एका ईमेलसरशी गेलं. म्हणून डोमेन हा पाया धरा आणि हँडलांना त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या पाट्या समजा. पाट्यांवरची अक्षरं थोडी वेगळी असली तरी चालतं. सगळ्या एकाच घराकडे नेतात की नाही, एवढंच बघायचं.

हुबेहूब सारखेपणा हवाच असेल, तर तो आधीच ठरवून मिळवता येतो. एक्सवर नाव १५ अक्षरांच्या आत बसावं लागतं. इन्स्टाग्राम आणि यूट्यूब ३० पर्यंत देतात. डोमेनमध्ये ठिपक्यांच्या मधल्या एका तुकड्यात ६३ चालतात. इन्स्टाग्रामला टिंब आणि अंडरस्कोअर चालतं, एक्सला टिंब चालत नाही, डोमेनला अंडरस्कोअर चालत नाही, तिथे हायफन चालतं. तेव्हा सगळीकडे चालणारं नाव म्हणजे नुसती अक्षरं, फार तर अंक, आणि १५ च्या आत. ‘वहीपान’ रोमन लिपीत सात अक्षरांत बसतं. त्याला ‘स्टुडिओ’ जोडलं तर तेरा. म्हणजे मूळ नाव गेलं तरी कामाचा एक शब्द मागे लावून तुम्हाला सगळीकडे सारखं नाव घेता येईल. अंक शेवटी चिकटवू नका. तोंडी सांगताना अंक निसटतात, आणि ‘यातलं खरं खातं कुठलं’ हा संशय कायमचा मागे लागतो.

आपल्या भाषेतल्या नावांचा एक गुंता आहे. तो कुठलंही तपासणी साधन तुम्हाला दाखवणार नाही, आणि माझ्या मते तुमच्यासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. ‘वहीपान’ रोमन लिपीत लिहायला कागद घ्या. ‘व’ला कुणी व्ही लिहील, कुणी डब्ल्यू. ‘ही’ला कुणी आय लिहील, कुणी डबल ई. ‘पा’ला एक ए की दोन? दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ स्पेलिंगं झाली. एकच ए लिहिलात तर निम्मे लोक ‘पॅन’ वाचतील. साधनाने तुम्हाला यातल्या एकावर हिरवी खूण दाखवली. उरलेल्या सातांवर कोण बसलं आहे, ते तुम्ही पाहिलं का? ज्या गिऱ्हाइकाने तुमचं नाव फक्त कानाने ऐकलं, ते कुठल्या दारात जाईल?

याची परीक्षा सोपी आहे. फोनवर पाच जणांना नाव नुसतं म्हणून सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि त्यांना ते इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवायला सांगा. पाचही जणांनी एकच लिहिलं तर ते नाव सोनं आहे, मग त्याला शेपूट लागलेलं असो की नसो. पाचांची चार स्पेलिंगं आली, तर डॉट कॉम मोकळं असूनही मी ते घेणार नाही, किंवा घेतलंच तर सगळ्यात जास्त येणारी दोन स्पेलिंगं घेऊन एक दुसऱ्याकडे वळवीन. तुमच्या १४० नावांना ही चाळणी लावा. आठ महिन्यांत झालं नाही ते दोन संध्याकाळांत होईल.

शब्द जोडून लिहिले की मधली जागा जाते आणि भलताच शब्द तयार होतो, तेही एकदा मोठ्याने वाचून बघा.

मोकळं नाव म्हणजे कोरं नाव, असंही नाही. ते पूर्वी कुणी वापरून सोडलेलं असू शकतं. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर तो पत्ता टाकला, की जुनी पानं साठवलेली असतील तर दिसतात. तिथे जुगाराच्या किंवा फसवणुकीच्या जाहिराती दिसल्या तर ते नाव सोडा. आणि मोकळं म्हणजे वापरायचा हक्क आहे, असंही नाही. डोमेन मिळालं याचा अर्थ एवढाच की ती नोंद कुणी केलेली नव्हती. त्याच नावाने, त्याच प्रकारच्या मालाचा ट्रेडमार्क कुणाकडे असू शकतो. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा, वायपोचा, ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट पाहता येतो. तिथे सगळी स्पेलिंगं घालून पाहा, आणि आपल्या ठिकाणच्या सरकारी ट्रेडमार्क नोंदीतही पाहा. उझी निसान नावाच्या माणसाने १९९४ मध्ये स्वतःच्या आडनावाचं डॉट कॉम आपल्या कॉम्प्युटरच्या व्यवसायासाठी घेतलं होतं. १९९९ मध्ये त्याच नावाच्या मोटार कंपनीने त्याच्यावर दावा लावला. आडनाव त्याचं, नोंद त्याची, आणि शेवटी डोमेन राहिलंही त्याच्याकडेच; पण त्यापायी कित्येक वर्षं कोर्टात गेली. आपल्याला एवढी ताकद खर्चायची नाही. नाव आधी कुणाचं दिसलं तर पुढच्या नावाकडे वळायचं.

आता तुमचे तीन पर्याय.

बंद पडलेलं इन्स्टाग्राम खातं विकत घेऊ नका, यात मला शंका नाही. खात्यांची खरेदी-विक्री त्यांच्या अटींतच बसत नाही. पैसे गेल्यावर समोरच्याने खातं परत मिळवलं किंवा मंचाने ते बंद केलं, तर तुम्ही तक्रार कुणाकडे करणार? वर तुमच्या कामाचं नाव त्याच्या जुन्या ईमेलला बांधलेलं राहील.

डॉट कॉमच्या मालकाला लिहायला हरकत नाही. एकदाच, दोन ओळींत. नोंदीत बहुधा रजिस्ट्रारमार्फत निरोप पाठवायची सोय दिलेली असते. तुम्हाला झेपेल तो आकडा आधी ठरवून कागदावर लिहून ठेवा. त्याच्या वर उत्तर आलं किंवा उत्तरच आलं नाही, तर विषय संपला. सौदा जमलाच तर पैसे थेट देऊ नका. नाव हस्तांतरित होईपर्यंत पैसे मध्यस्थाकडे ठेवणारी एस्क्रो सेवा वापरा. आणि तक्रार करून नाव मिळवता येईल का, असा विचार मनात असेल तर तो सोडा. १९९९ पासून आयकॅनची तक्रारपद्धत आहे, पण तिथे समोरच्याने वाईट हेतूने नाव नोंदवलं हे दाखवावं लागतं. त्याची नोंद सहा वर्षांची आणि तुमचं नाव यंदा सुचलेलं.

मुदत संपायची वाट पाहणं हा तिन्हींत सगळ्यात फसवा पर्याय, कारण त्यात आशा टिकून राहते. तुम्ही कॅलेंडरवर तारखेला खूण केल्याचं लिहिलं आहे. त्या तारखेला नाव सुटत नाही. मुदतीनंतर रजिस्ट्रार ४५ दिवसांपर्यंत मालकाला सवलत देऊ शकतो, मग ३० दिवस जादा शुल्क भरून नाव सोडवून घ्यायचे, मग ५ दिवस काढून टाकण्याच्या रांगेचे. अनेक रजिस्ट्रार त्याआधीच नाव लिलावात काढतात, आणि सुटणारी नावं क्षणात उचलणाऱ्या यंत्रणा टपलेल्या असतात. शिवाय ज्याने सहा वर्षं पैसे भरले, तो सातव्या वर्षीही भरेल असंच धरून चाला. ती खूण पुसा.

राहिला नाव सोडायचा पर्याय. पूर्ण सोडू नका, असं मला वाटतं. तुमच्या खऱ्या नावाचं स्पेलिंग मी माझ्या घरातल्या दोघांना फोनवर विचारून पाहिलं, दोघांनी एकच लिहिलं. त्याला कामाचा एक शब्द जोडा, वरच्या चाळण्यांतून काढा आणि घ्या.

घेताना थोडं सांभाळा. पहिल्या वर्षाची सवलत पाहू नका, दुसऱ्या वर्षापासूनचा नूतनीकरणाचा आकडा बघा. ‘प्रीमियम’ म्हणून दाखवलेल्या नावांत तो पुढेही चढा असू शकतो. डोमेन तुमच्याच नावावर आणि तुमच्याच खात्यातून घ्या, साइट बनवणाऱ्याच्या नाही. तो चांगला माणूस असला तरी. टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय दुसरी खातरजमा), ट्रान्सफर लॉक (नाव परस्पर दुसरीकडे जाऊ नये म्हणून कुलूप) आणि आपोआप नूतनीकरण, तिन्ही त्याच दिवशी चालू करा. रजिस्ट्रारकडे संपर्काचा ईमेल देताना त्याच डोमेनवरचा देऊ नका. माझं एक डोमेन असंच गेलं. कार्डाची मुदत संपली, नूतनीकरण झालं नाही, डोमेन बंद पडलं, आणि त्याबरोबर त्यावरचा ईमेलही. पुढच्या सगळ्या सूचना त्याच बंद पेटीत जात राहिल्या. मला कळलं तेव्हा तिथे परक्या भाषेतल्या जाहिराती होत्या. अकरा वर्षांचं लेखन दुसरीकडे ठेवलं होतं म्हणून वाचलं, पण ज्यांनी ज्यांनी तो पत्ता लिहून घेतला होता ते सगळे आजही त्या जाहिरातींवरच जातात. याचा त्रास अजून होतो.

आणखी एक. कामाचं हँडल आणि तुमचं खाजगी हँडल एकच ठेवू नका. शेरलॉक नावाचं एक मुक्त साधन आहे, त्यात एक युजरनेम टाकलं की शेकडो साइटवर ते कुठे-कुठे आहे याची यादी निघते. नाव मोकळं आहे का हे पाहायला ज्या युक्तीचा उपयोग होतो, तीच माणसाचा माग काढायलाही वापरता येते. गिऱ्हाइकाला तुमची वही सापडावी. तुमच्या दहा वर्षांपूर्वीच्या गप्पा सापडायची गरज नाही.

फोनवरची ती परीक्षा या शनिवारी करा, रविवारी शेवटची तपासणी आणि लगेच नोंदणी. पण त्या दोन गिऱ्हाइकांना उत्तर मात्र आजच पाठवा. पेज अजून नाही, वही तयार आहे, असं लिहा. वहीच्या शेवटच्या पानावर तुमचा फोन नंबर घाला, आणि त्याच्या वर नावापुरती एक ओळ कोरी सोडा.